वारीत वही: आळंदी ते सासवड, सहा-सहा-सहा-चार

आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे 250 किलोमीटरची. सगळी वाट चालायला रजा पुरत नाही, म्हणून आमच्यासारखे बरेच पुणेकर आळंदी ते पुणे आणि पुणे ते सासवड एवढे दोनच टप्पे चालतात. इथे लिहिलंय ते त्या दोन टप्प्यांबद्दल आणि मधल्या मुक्कामाबद्दल, तेही खिशात वही घेऊन चालणाऱ्यांच्या बाजूने. घरातलं माणूस गेलेलं, धंदा बसलेला, नोकरी सुटलेली, नाहीतर नुसतंच मन उठलेलं, अशी माणसं दर वर्षी दिंडीत असतात. चालता चालता काही सुचेल, लिहून जरा मोकळं होता येईल, अशी त्यांची आशा असते. तसं होतंही. पण क्रम चुकला तर सासवडला वही कोरीच पोचते.

क्रम नवा शोधावा लागत नाही, तुकोबांनी स्वतःबद्दलच्या एका अभंगात तो सांगून ठेवला आहे. 1630 च्या सुमाराचा दुष्काळ, त्यात द्रव्य आटलं, मान गेला, एक बायको अन्नान्न करत मेली. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने इकडे पुणंही उद्ध्वस्त केलं होतं. म्हणजे सगळा मुलूखच हादरलेला. अशा वेळी तुकोबा लगेच अभंग लिहायला बसले नाहीत. आधी त्यांनी भंगलेलं देऊळ नीट केलं. मग एकादशीला कीर्तन सुरू केलं, तेही अभ्यासात चित्त नसताना, असं तेच म्हणतात. मग संतांची वचनं पाठ केली. मग जे पुढे गात होते त्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद, म्हणजे फिरून फिरून येणारी ओळ, धरलं. कवित्वाची स्फूर्ती या सगळ्यानंतरची आहे, आणि तिच्यानंतरही सुख नाहीच: निषेध झाला, वह्या बुडाल्या, धरणं धरून बसावं लागलं. हा अभंग वाचायला पाच मिनिटं पुरतात. निघण्याआधी तो हळू, शब्द न गाळता वाचावा.

आम्ही हाच क्रम टप्प्यांवर बसवतो. पाठांतर घरी, ध्रुपद आळंदी ते पुणे, डागडुजी पुण्याच्या मुक्कामात आणि लिहिणं सासवडच्या वाटेवर. डागडुजी तुकोबांच्या क्रमात पहिली आहे, आमच्यात ती मधे येते. त्याला इलाज नाही, मुक्कामच मधे आहे.

पाठांतरासाठी ज्ञानदेवांचा हरिपाठ घ्यावा. सत्तावीस अभंग. रोज एक धरला तर महिना पुरतो, आणि वारीत संध्याकाळी तोच म्हणायचा असल्याने पाठ केलेलं वाया जात नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. हरिपाठ मोठ्या अभंगाच्या मापात आहे: पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. महिनाभर हे तोंडात घोळलं की माप कानात बसतं आणि पुढे बोटं मोजायची वेळ कमी येते. पुस्तकातून छंद शिकून आलेल्यांपेक्षा हरिपाठ पाठ करून आलेले लवकर लिहिते होतात, असं आमचं निरीक्षण आहे.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचं प्रस्थान होतं, दुसऱ्या दिवशी पालखी पुण्याकडे निघते. दिघी, विश्रांतवाडी, संगमवाडी, मग फर्ग्युसन रस्ता, लक्ष्मी रस्ता, आणि मुक्कामाला भवानी पेठेतलं पालखी विठोबा मंदिर. तुकोबांची पालखी देहूहून आदल्या दिवशी प्रस्थान ठेवते आणि पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला उतरते. टप्पा तीस किलोमीटरच्या आसपास आहे. दिंडीत चालायचं तर दिंडीचालकाकडे आधी नाव द्यावं, भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी, भरावी. टाळकऱ्यांच्या रांगेत न विचारता घुसू नये. पुढे पताका, मग समोरासमोर दोन रांगांत टाळकरी, मध्ये पखवाज, वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस आणि कळशी घेतलेल्या बाया. वीणा वाटेत खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तेही पाया पडून.

या टप्प्यात वही काढायचीच नाही. काम एकच, ध्रुपद धरणं. पुढे गाणारे चरण म्हणतात, आपण फिरून ध्रुपदावर यायचं. सोपं वाटतं, पण लक्ष्मी रस्त्यावर मंडळांच्या स्पीकरमधून वेगळंच गाणं चालू असतं आणि रांग लांबली की पुढच्यांचा टाळ मागे अर्ध्या मात्रेने उशिरा ऐकू येतो. तिथे कानावर भरवसा ठेवला की लय सुटते. पखवाजवाल्याच्या हाताकडे बघायचं, थाप दिसते तिथे टाळ. सकाळी उत्साहात वरच्या पट्टीत गायलेल्यांचा आवाज विश्रांतवाडीलाच बसतो. खालचा सूर धरावा, खडीसाखर आणि ज्येष्ठमध जवळ असावा, बर्फाचं सरबत कितीही प्रेमाने दिलं तरी हात जोडून पुढे जावं. दुःखातून आलेल्या माणसाला या टप्प्याचा उपयोग असा, की दिवसभर दुसऱ्याचे शब्द तोंडात राहतात. स्वतःचं गाऱ्हाणं मांडायला जागाच मिळत नाही. कोणाला हे कोरडं वाटेल, पण डोकं रिकामं होतं ते इथेच.

पुण्यात दोन रात्री मुक्काम. दिंड्या शाळांत, मंगल कार्यालयांत, जुन्या वाड्यांत उतरतात. बाहेर दाढी करणारे, चपला शिवणारे, पायांना तेल लावणारे सेवेकरी बसलेले असतात. आम्ही या दिवशी दुरुस्तीचं काम मागून घेतो. टाळांच्या दोऱ्या पहिल्या. सुती दोरी पावसात फुगते, वाळली की गाठ सैल पडते आणि टाळ हातातून निसटून काठावर आपटतो. कासं तडकलं की आवाज कायमचा फुटतो, त्याला इलाज नाही. म्हणून दोरी बदलायची, आतून चिंधीची गुंडी घालून दुहेरी गाठ मारायची, आणि एक हात दोरी जास्तीची खिशात ठेवायची. पताकांची उसवलेली किनार शिवायची. पखवाजाला मात्र जाणत्याने सांगितल्याशिवाय हात लावू नये. त्याच्या धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, कणीक लावतात. कणीक घट्ट झाली तर वाजताना तुकडे उडतात, सैल झाली तर ओघळते. वाजवून झालं की ती पूर्ण खरवडून काढायची, नाहीतर चामडं कुजतं आणि मुंग्या लागतात. दमट हवेत वादी, म्हणजे ताण धरणारी चामड्याची पट्टी, सैल पडून सूर उतरतो. मग हातोडीने वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून तो चढवतात, पण एकाच बाजूचे ठोकले तर पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, वाकडी ओढली जाते. समोरासमोरचे गठ्ठे थोडे थोडे ठोकायचे. जाळावर शेकवायचं तर मुळीच नाही.

हे काम लिहिण्याच्या आड येतं असं नवख्यांना वाटतं. आमचं मत उलट आहे. मोडलेलं आयुष्य शब्दांनी सांधायला निघालेला माणूस आधी एक दोरी नीट बांधायला शिकला तर ओळही नीट बांधतो.

दुसरा टप्पा पुणे ते सासवड, माउलींच्या वाटेवरचा सर्वांत लांब टप्प्यांपैकी एक, पुन्हा तीसच्या पुढे. पहाटे निघायचं. हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात: तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे, माउली सासवड रस्त्याने उरुळी देवाचीकडे. वडकी नाल्याला विसावा, मग दिवे घाट. रथाला इथे जादा बैलजोड्या लावतात.

वही खिशात मावेल एवढीच, जाड पुठ्ठ्याची, प्लास्टिकच्या पिशवीत. जेल पेन आणू नये, पहिल्या सरीत शाई पसरते. बॉलपेन चालतं, शिसपेन्सिल सर्वांत बरी. मोबाइलवर लिहिणारे घाटात अडतात, कारण ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही आणि दुपारपर्यंत बॅटरीही जाते. आवाज मुद्रित करायचा तर विसाव्यातच, दिंडीत टाळांखाली काही ऐकू येत नाही.

सुरुवात लहान अभंगाने करावी. दोन चरण, प्रत्येकी आठ अक्षरं, शेवटी यमक:

पाय माखले चिखले ।
नाव ओठांत रंगले ॥

चालताना एवढंच तोंडात घोळवायचं. सपाटीला साधारण चार पावलांत एक चरण बसतो. बसत नसेल तर अक्षर जास्त आहे, पावलांना ते आधी कळतं. जोडाक्षर एकच धरायचं: ‘विठ्ठल’ तीन अक्षरं. हे जमलं की मोठा अभंग:

पुणे मागे गेले । दिवे घाट पुढे ।
पायांना या ओढे । तुझी वाट ॥

गोची नेहमी तिसऱ्या चरणात होते. दुसऱ्याशी यमक जुळवायच्या नादात भरतीचे शब्द येतात. वरच्या तिसऱ्या चरणातला ‘या’ तसाच, मापासाठी घातलेला आहे. दुसरी चूक सात अक्षरांची. ‘पावसात भिजलो’ सात होतात, ‘भिजलो मी चिंब’ सहा. गाताना एखादं जादा अक्षर रेटून नेता येतं, संतांच्या अभंगांतही तसं सापडतं, पण नवख्याने ती सवलत घेऊ नये. तिसरी चूक जुनी भाषा आणण्याची. ‘तया’, ‘मज’, ‘जाण’ असे शब्द ओळीला भगवा रंग देतात, अर्थ देत नाहीत. कोणाचा ईएमआय थकला असेल तर त्याने हप्ता म्हणावं, तीन अक्षरंसुद्धा लागत नाहीत.

आणि दुःखावर थेट लिहू नये, निदान घाट चढेपर्यंत. ‘माझं सगळं गेलं’ या ओळीनंतर दुसरी ओळ येत नाही. समोर आहे ते घ्यावं: बैलाची शिंगं, रथाची दोरी, पुढच्याची फाटलेली टाच. घाटात दम लागतो, तिथे चार अक्षरांचा चौथा चरण एका श्वासात मावतो. बरेच जण तिथे नुसते चौथे चरणच लिहितात आणि आधीचे तीन सासवडला भरतात. हा उलटा मार्ग चांगला चालतो, कारण ठरलेल्या मुक्कामाकडे जाणारी ओळ भरकटत नाही. गेलेल्या माणसाचं नाव, गेलेल्या घराचा दरवाजा, हे मग आपोआप कुठेतरी सहा अक्षरांत येऊन बसतं. मोजमापात अडकलेलं मन बेसावध असतं, तेव्हाच ते येतं.

छंद जमतच नसेल तर बायांच्या जवळून चालावं. जात्यावरच्या ओव्या वाटेवरही म्हणतात, त्यांचं माप सैल आणि चाल पक्की. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून मुळशी-मावळपासून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. दुष्काळ, सासुरवास, मेलेली लेकरं, सगळं दोन ओळींत, आणि बहुतेकींना लिहिता येत नव्हतं. सुचण्यासाठी निवांतपणा लागतो असं म्हणणाऱ्याने त्यातल्या शंभर तरी वाचाव्यात.

एक पथ्य कडक आहे. आपली रचना दिंडीत म्हणायला लावायची नाही. वाटचालीत काकडा, भूपाळ्या, गौळणी, वारांचे अभंग, हरिपाठ यांचा क्रम ठरलेला असतो आणि तो संप्रदायाचा आहे, आपल्या हौसेचा नाही. शेवटच्या चरणात स्वतःचं नाव घालायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. ‘तुका म्हणे’ मात्र चुकूनही लिहू नये. तुकोबांच्या नावावर भलतंच फिरतंय तेवढं पुरे झालं.

सासवडला तळावर समाजआरती होते. चोपदाराने दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते, चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतो. आरती झाल्यावर, जेवणं आटोपल्यावर आम्ही पाच-सहा जण कोपऱ्यात बसतो. रचना एकदाच वाचायची, कारण सांगायचं नाही, आधीची कहाणी तर अजिबात नाही. मग ती म्हणताना बाकीच्यांना ध्रुपद धरता आलं तर ओळ सरळ आहे. अडखळले तर ओळ वाकडी. ‘छान आहे’ या शब्दांना बंदी. रडू आलं तर येऊ द्यावं, पण त्यावर चर्चा करू नये, टाळ उचलून पुढच्याचं ऐकावं.

2020 आणि 2021 मध्ये पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरीला गेल्या. ती दोन वर्षं घरोघर व्हिडिओ कॉलवर हरिपाठ झाले आणि पहिल्याच संध्याकाळी कळलं की टाळ जुळत नाही. आवाज पोचायला उशीर लागतो, प्रत्येकाला वेगळा, त्यामुळे एकत्र म्हणणं अशक्य. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी माइक बंद करून आपापल्या खोलीत ध्रुपद धरायचं, हाच मार्ग उरला. चालण्याची जागा गच्चीने घेतली. त्या काळात पुष्कळ लिहिलं गेलं, आणि त्यातलं जे आज वाचावंसं वाटतं ते जवळजवळ सगळं घट्ट मापातलं आहे. मुक्तपणे ओतलेलं त्या वर्षापुरतंच राहिलं.

पालखी सासवडला दोन रात्री थांबते. सोपानकाकांची समाधी इथेच आहे, गर्दी कमी असेल तेव्हा, म्हणजे भल्या पहाटे दर्शन घ्यावं. पुढे जेजुरी, वाल्हे, नीरास्नान. ज्यांना परतायचं असतं ते इथून पुण्याच्या बसने निघतात. आषाढी एकादशीपर्यंतचे उरलेले दिवस घरी रोज एकच चरण लिहावा, जास्त नको, आणि तो हरिपाठानंतर. भिजलेली वही पानांमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घालून पंख्याखाली उभी ठेवावी. उन्हात पानं वाकतात, इस्त्रीने चिकटतात. आणि आठवड्याच्या आत सगळं स्वच्छ उतरवून काढावं, कारण घाटात चालत लिहिलेलं अक्षर नंतर स्वतःलाही लागत नाही.