तुम्ही विचारलंत म्हणून: डोळ्यांवरून मनातलं कळतं का?

डोळ्यांच्या हालचालींवर मी मशीन लर्निंग (संगणकाला उदाहरणांवरून शिकवणं) वापरते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे माझ्या मनात काय चाललंय ते कळेल तुम्हाला?" आणि विचारणारा लगेच नजर चुकवतो.

नाही कळत. डोळ्यांवर रोखलेल्या कॅमेऱ्यातून कळतं ते एवढंच, की नजर कुठे टेकली, किती वेळ, आणि तिथून कुठे गेली. वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो. एका जागी साधारण २०० ते ३०० मिलिसेकंद थांबतो, की पुढची उडी. थांबण्याला फिक्सेशन म्हणतात, उडीला सॅकेड. उडीदरम्यान आपल्याला फारसं काही दिसत नाही. आरशात आधी एका डोळ्याकडे बघा, मग दुसऱ्याकडे. आपलेच डोळे हलताना दिसायचे नाहीत.

रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बस यांनी एकच चित्र दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले होते. माणसांची वयं विचारली की नजर चेहऱ्यांवर, घरची परिस्थिती विचारली की कपड्यांवर आणि सामानावर. मग उलटं जमेल? नुसत्या नजरेवरून प्रश्न ओळखता येईल? २०१२ मध्ये एका गटाला जमलं नाही. २०१४ मध्ये दुसऱ्यांनी त्याच डेटावर जमवलं, पण नुसत्या अंदाजापेक्षा थोडं बरं, इतकंच.

माझी फजिती याच वाटेवरची. वाचक सराईत की नवशिका, हे ओळखणारं मॉडेल केलं. जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर! दोन दिवस हवेत होते. मग लक्षात आलं, प्रत्येकाच्या रेकॉर्डिंगचे तुकडे करून मी ते पिसले होते, म्हणजे तीच माणसं मॉडेलच्या शिकवणीतही आणि परीक्षेतही. माणूस चालीवरून ओळखू येतो तसा नजरेच्या चालीवरूनही येतो. मॉडेलने वाचन नाही, माणसं पाठ केली होती. परीक्षेला अनोळखी माणसं बसवली आणि निकाल छापा-काट्यावर आला.

त्यात पापण्या! पापणी अर्धी मिटली की बाहुलीचा वरचा भाग झाकला जातो, कॅमेऱ्याला वाटतं बाहुली खाली घसरली. आलेखात टोकदार खड्डा पडतो आणि मॉडेल त्याला उडी समजतं. माझा निम्मा वेळ हे खड्डे काढण्यात जातो. हुशारीचं काम त्यानंतर.

तेव्हा, कोणत्या शब्दापाशी थबकलात, कुठून मागे वळलात, ते मी दाखवू शकते. तो शब्द अवघड होता, आवडला होता, की नेमका तेव्हाच गॅस बंद केला का हे आठवत होतात, ते तुम्हीच सांगा.