टायर नक्षीवर नाही, बाजूने फाटतो: बातल ते ग्रांफू

हिमाचलमध्ये अटल बोगदा झाल्यापासून स्पितीतला काझा-मनाली रस्ता सोपा झाला, कुठलीही गाडी आरामात जाते, असं आम्हाला शिमल्यापासून काझापर्यंत भेटेल तो सांगत होता. साफ चुकीचं आहे. बोगदा वाचवतो ती फक्त रोहतांग खिंड. बातल ते ग्रांफू हा जवळपास पन्नास किलोमीटरचा पट्टा त्याच्या अलीकडे आहे आणि आम्ही उतरलो तेव्हा त्यातल्या बऱ्याच भागाला रस्ता म्हणण्यासारखं काही नव्हतं. किन्नौर, नाको, काझा सगळं सुरेख झालं, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी फक्त टायरबद्दल लिहितोय.

गाडी अर्टिगा, पाच माणसं, वर कॅरियरवर सामान. टायर कंपनीच्या मापाचे, १८५/६५ आर १५ (रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची). निघण्याआधी पुण्यातल्या टायरवाल्याने नक्षी, म्हणजे रस्त्याला टेकणारा खाचांचा भाग, दाखवून छातीठोक सांगितलं होतं, "साहेब, लडाखपर्यंत चिंता नाही." नक्षी उत्तमच होती. याच पट्ट्यातल्या छोटा दराच्या पुढे नाल्यातून गाडी बाहेर काढली आणि फस्सकन हवा गेली. बोटभर लांबीची चीर, नक्षी आणि रिम यांच्या बरोबर मधे, आतले धागे बाहेर आलेले. तिथे प्लग चालत नाही, पॅचही नाही. टायर संपला.

नदीतले गोटे गोल असतात, ते टायर कापत नाहीत. कापतात ते दरडीचे आणि फोडलेल्या खडकाचे ताजे, धारदार दगड, आणि नाल्यात ते पाण्याखाली दिसत नाहीत. शिवाय ओलं रबर कोरड्यापेक्षा लवकर कापलं जातं. म्हणून नाले सकाळीच ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढलं की तळ दिसतच नाही.

टायर घेताना साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, बघा. आमच्या टायरची बाजूची उंची जेमतेम १२० मिमी. तिकडच्या बोलेरोच्या २१५/७५ आर १५ ची १६० च्या वर. त्या गाड्या त्याच दगडांवरून निवांत जात होत्या. आपल्या गाडीला ते माप बसत नाही, पण १९५/६५ आर १५ घेता येतो: व्यास साधारण दोन टक्के वाढतो, वजनाचा आकडा ८८ वरून ९१ होतो, म्हणजे टायरमागे ५६० किलोऐवजी ६१५. चाक पूर्ण वळवून, गाडी भरून, आत कुठे घासत नाही ना हे दुकानातच बघून घ्या. दिसायला छान म्हणून मोठी अलॉय आणि बुटका टायर लावला असेल तर या रस्त्याला येऊच नका. ए/टी (ऑल-टेरेन, कच्च्या रस्त्यासाठीची) नक्षी म्हणजे भक्कम बाजू असंही नाही. साइडवॉलमध्ये किती थर आहेत ते बऱ्याच टायरांवर बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते वाचा. टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट (DOT) या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडेही वाचा, ती टायर बनल्याची तारीख: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. तीन वर्षं गोदामात पडलेला टायर "नवा" म्हणून गळ्यात मारतात.

हवा कमी करा हा सल्ला सगळे देतात. भरलेल्या गाडीत तो ऐकू नका. हवा कमी केली की बाजू फुगून बाहेर येते आणि नेमकी तीच दगडाला लागते, वर रिम वाकते ती वेगळीच. आम्ही कंपनीने भरल्या गाडीसाठी सांगितलेली हवा ठेवली आणि वेग दहा-बाराच्या वर नेला नाही. बातलच्या आधी लागणारी कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे, बाहेरचा दाब कमी झाल्याने गेजवर आकडा थोडा वाढलेला दिसतो. तो बघून हवा सोडू नका, खाली आल्यावर कमी पडते.

स्टेपनी पूर्ण मापाची हवी. छोटी, तात्पुरती स्टेपनी या दगडांवर कुचकामी. आम्ही उरलेले तीसेक किलोमीटर स्टेपनीशिवाय काढले, कुणी बोलत नव्हतं. शक्य असेल तर कॅरियरवर अजून एक टायर बांधा, रिम नसली तरी चालेल. मनालीत एका दुकानाने त्याच मापाच्या टायरचे पुण्याच्या जवळजवळ दुप्पट पैसे सांगितले, आणि तारीख बघितली तर तीन वर्षांपूर्वीची. घेतला नाही. स्टेपनीवरच चंदीगडपर्यंत आलो आणि तिथे योग्य भावात ताजा टायर मिळाला. जाताना चंदीगडलाच थांबा आणि टायरांचं काय ते उरकून मगच वर चढा.