झिओलाइट म्हणजे उकळणारा दगड

पुणे, नाशिक, जळगावकडे विहीर खोदताना नाहीतर खडीच्या खाणीत काळा दगड फुटला की कधीकधी आत पोकळी निघते आणि तिच्यात पांढरे, गुलाबीसर स्फटिक चमकत असतात. आपण त्याला सरसकट गारगोटी म्हणून मोकळे होतो, पण गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, आणि यातले कितीतरी असतात झिओलाइट. मला या कुटुंबाचं नाव फारच आवडतं, म्हणून हे लिहितोय.

नाव ठेवलं स्वीडनच्या अॅक्सेल क्रॉनस्टेटने, १७५६ साली. हा तोच माणूस, ज्याने १७५१ मध्ये निकेल शोधलं. तेव्हा खनिज ओळखायचं तर फुंकनळीने ज्योतीचा झोत दगडावर सोडायचा आणि काय होतं ते बघायचं. याने तसं केलं तर दगड फसफसायला लागला, फुगला, जणू उकळतोय! मग ग्रीकमधला झेओ म्हणजे उकळणं आणि लिथोस म्हणजे दगड, झालं नाव तयार.

आणि ते नाव किती अचूक बसलंय बघा. सिलिकॉन, अॅल्युमिनियम, ऑक्सिजनचा एक सांगाडा असतो, त्यात बारीक बारीक पोकळ्या, आणि त्या पोकळ्यांत पाणी आणि सोडियम-कॅल्शियमसारखे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू. तापवलं की पाणी वाफ होऊन बाहेर येतं, तेच ते उकळणं. भारी गोष्ट म्हणजे बऱ्याच झिओलाइटमध्ये बेताने तापवून पाणी काढलं तरी सांगाडा मोडत नाही, नंतर दमट हवेतून पाणी परत आत येऊन बसतं. आतली रचना क्ष-किरणांनी उलगडायला १९३० साल उजाडलं, लायनस पॉलिंग या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ते काम केलं, म्हणजे क्रॉनस्टेटने फक्त डोळ्यांनी जे पाहिलं त्याचं कारण कळायला पावणेदोनशे वर्षं लागली. आज कपडे धुण्याच्या कितीतरी पावडरींत कारखान्यात बनवलेलं झिओलाइट असतं, ते जड पाण्यातलं कॅल्शियम धरतं आणि बदल्यात सोडियम सोडतं.

या कुटुंबातल्या आणि त्याच्या शेजारच्या काही खनिजांची नावंही अशीच आगीतून आलेली. स्कोलेसाइट तापवलं की कधीकधी अळीसारखं वळतं, म्हणून ग्रीक स्कोलेक्स म्हणजे किडा. अपोफिलाइट तापवल्यावर त्याचे पापुद्रे सुटतात, पानं गळावीत तसे, म्हणून ते नाव (हे झिओलाइट नाही बरं का, पण सापडतं त्यांच्याच शेजारी). स्टिल्बाइटचं नाव मात्र चमकण्यावरून, त्याच्यावर मोत्यासारखी झाक असते. ह्युलँडाइट हेन्री ह्युलँड नावाच्या खनिज संग्राहकावरून आलं, ते ऐकून दगडाबद्दल मात्र काहीच कळत नाही. मला विचाराल तर कोणीतरी दगड नीट बघून ठेवलेलं नावच खरं.

आपल्याकडे हे एवढं का, तर साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, लाव्हा थंड झाल्यावर त्या पोकळ्या तशाच राहिल्या आणि नंतर खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्यात हे स्फटिक वाढवले. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोर घाटातल्या रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हाही असे सुंदर नमुने निघाले होते. आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हन्साइट नावाचं निळंशार खनिज तर जगभरचे संग्राहक शोधत असतात. ते आधी सापडलं अमेरिकेत ओरेगनला, पण सगळ्यात देखणं वाघोलीचंच. नाव तेवढं कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेटची अक्षरं जोडून केलंय, त्या रंगाला शोभेल असं काहीतरी हवं होतं.