आमची वाटचाल : सूत्र संपते तिथून पुढे

दादर पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या वापरलेल्या लॅपटॉपांवर आम्ही संगणकीय भौतिकशास्त्राचे, म्हणजे भौतिकशास्त्रातील गणिते प्रोग्रॅम लिहून सोडवण्याचे, वर्ग सुरू केले, तेव्हा हा व्यवसाय तग धरेल असे घरच्यांनाही वाटत नव्हते. चौकशीला येणारे पालक ‘सीईटीला याचा उपयोग काय?’ असे आधी विचारत आणि ‘थेट काही नाही’ हे उत्तर ऐकून बरेचजण परत जात. तरीही गुणांचे आश्वासन जाहिरातीत कधी दिले नाही. त्यामुळे जे आले ते टिकले.

पहिला धडा शिवाजी पार्कातल्या चेंडूचा असतो. सेकंदाला 30 मीटर वेगाने 45 अंशांत टोलावलेला चेंडू पाठ्यपुस्तकातील सूत्रानुसार सुमारे 92 मीटरवर पडतो, कारण त्या सूत्रात हवाच नसते. प्रत्यक्षात इतक्या वेगाला हवेचा रोध चेंडूच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भरतो आणि तो हिशेबात धरला की सुटसुटीत सूत्र हाती राहत नाही. मग काळाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याअखेरचा वेग आणि स्थान काढत जायचे, ही गणितज्ञ ऑयलरची अठराव्या शतकातील रीत कामी येते. पहिल्या तीन पायऱ्या मुले वहीत सोडवतात, त्यानंतरच पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा उघडायची. तयार प्रोग्रॅम आम्ही देत नाही.

खरी रंगत येते ती संगणकावर पृथ्वी सूर्याभोवती फिरवताना. त्वरण काढल्यावर आधी स्थान आणि मग वेग बदलला, तर ऊर्जा विनाकारण वाढत जाते व कक्षा दर फेरीला रुंदावते. प्रोग्रॅममधल्या त्याच दोन ओळींची अदलाबदल केली की कक्षा जागेवर राहते. भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन क्रोमर यांनी 1981 साली या रीतीवर शोधनिबंध लिहिला आणि तिचे श्रेय एका शाळकरी मुलीला दिले. ओळींचा हा क्रम तिच्याकडून अनवधानाने लागला होता. हे सांगितले की अकरावीची मुले आपापल्या चुका जरा कमी लपवतात.

बारावीला जेईईच्या धास्तीने गळती होतेच, म्हणून आता भर नववी ते अकरावीवर आहे. भौतिकशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही येणारे शिक्षक मिळणे मात्र फीच्या हिशेबापेक्षाही अवघड जाते. मुलुंडची शाखा त्यासाठीच अडली आहे.