माझी बोटं आखूड आहेत, बेस गिटार जमेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: जमेल. कार्यक्रम संपल्यावर मी वायरी गुंडाळत असतो तेव्हा कोणी ना कोणी येऊन हाच प्रश्न विचारतं, आणि विचारताना पंजा पसरून दाखवतं. पंजा बघून मला काही सांगता येत नाही. बेसवर हात किती ताणला जातो याला फारसा अर्थ नाही, तो कधी सरकवायचा आणि वाजलेला सूर कधी बंद करायचा, हे शिकायचं असतं.

भीती अगदीच खोटी नाही म्हणा. नेहमीच्या बेसवर तारेची वाजती लांबी 34 इंच असते, इलेक्ट्रिक गिटारवर साडेपंचविसाच्या आसपास. त्यामुळे नटपासून (मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) पहिल्या फ्रेटपर्यंतच (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी, आणि बोट ठेवायची तिच्यामागची जागाही) जवळजवळ दोन इंच जातात, आणि पहिल्यापासून चौथ्यापर्यंत पाच इंचांहून जास्त. यूट्यूबवर पहिल्याच धड्यात ‘एका फ्रेटला एक बोट’ शिकवतात: तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी, ओळीनं चार फ्रेटवर. नियम चांगला आहे. पण नवशिक्याला तो पहिल्या फ्रेटवर करायला लावला की बोटं फाकतात, मनगट वाकडं होतं, आणि दोन दिवसांत पोरगं म्हणतं, आपल्याच्यानं होणार नाही. तोच व्यायाम पाचव्या फ्रेटपासून करा. तिथे पाचव्यापासून आठव्यापर्यंत जेमतेम चार इंच भरतात, बाराव्याच्या पुढे तर पावणेतीन.

खालच्या, म्हणजे नटजवळच्या, फ्रेटवर वाजवायची वेळ आली की एक-दोन-चार वापरा. म्हणजे तर्जनी, मधलं आणि करंगळी. अनामिका करंगळीच्या सोबतीनं तार दाबते, तिला स्वतंत्र फ्रेट नाही. हातात चारऐवजी तीनच फ्रेट येतात, चौथा लागला की अख्खा हात सरकवायचा. ही पद्धत डबल बेसवाल्यांची. फ्रान्झ सिमांडल या वादकानं एकोणिसाव्या शतकात ती पुस्तकात बांधून ठेवली, आणि डबल बेसची तार बेस गिटारपेक्षाही लांब असते. मी खाली असाच वाजवतो. समोर बसलेल्यांपैकी कोणी अजून तक्रार केलेली नाही.

अंगठा मानेच्या पाठीमागे, साधारण मधल्या बोटाच्या समोर, सैल. बॅटचा दांडा पकडल्यासारखी मूठ केलीत की करंगळी जागेवर पोचतच नाही, आणि माणूस दोष देतो बोटांच्या लांबीला. मनगट होईल तितकं सरळ. पट्टा इतकाच सोडा की बसल्यावर बेस जिथे येतो तिथेच उभं राहिल्यावरही येईल. गुडघ्यापर्यंत लोंबणारा बेस फोटोत छान दिसतो.

आता दाबणं. सर्वांत बारीक तारेवर सातव्या फ्रेटला बोट ठेवा, पण दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये, आणि हलकं दाबून छेडा. तार खरखरेल. जोर न वाढवता बोट पुढच्या, म्हणजे बेसच्या धडाकडच्या, पट्टीकडे सरकवत छेडत राहा. पट्टीला अगदी लागून आलं की खरखर थांबते. दाबायची योग्य जागा हीच. इथे निम्म्या जोरात काम होतं, त्यामुळे हातही दुखत नाही.

उजव्या हाताचं त्यापेक्षा सोपं. अंगठा पिकअपवर (तारांखालची, आवाज उचलणारी चुंबकाची पट्टी) टेकवा, तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीनं चालवा. तार उपटायची नाही. बोट तारेवरून आरपार जाऊन शेजारच्या जाड तारेवर विसावलं पाहिजे. बारीक तारेवरून जाड तारेवर येताना मात्र आळीपाळी सोडून त्याच बोटानं पुढची तार घेतलीत तरी चालतं. आणि नियमांचा फार बाऊ नको. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत वाजवणारा जेम्स जेमर्सन उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरायचा.

त्याच जेमर्सननं ब्रिजच्या (धडावर तारा जिथे अडकवतात तो भाग) झाकणाखाली फोम ठेवलेला असे, तारा फार वेळ घुमू नयेत म्हणून. नवशिक्यांना नेमकं हेच कोणी सांगत नाही. सर्वांत जाड तारेवर, म्हणजे ई तारेवर, पाचवा फ्रेट दाबून छेडा आणि लगेच ती तार हातानं बंद करा. तरी सूर ऐकू येतो? ती शेजारची ए तार. तिला कोणी हात लावलेला नसतो, पण सूर तिचाच असल्यामुळे ती आपोआप थरथरते. बँडमध्ये हा गाळ साठला की सगळे म्हणतात बेसचा आवाज कमी करा. म्हणून खालच्या बाजूच्या, म्हणजे बारीक, तारा डाव्या हाताच्या आडव्या बोटांनी हलक्या टेकून गप्प ठेवायच्या. जाड तारांपैकी छेडलेलं बोट जिच्यावर विसावतं ती आपोआप गप्प होते. तिच्याही वरची जाड तार असेल तर पिकअप सोडून अंगठा तिच्यावर आणायचा.

सूर संपवताना डावं बोट उचलू नका, उचललंत की मोकळी तार बोलते. दाब सोडा, स्पर्श ठेवा.

सराव म्हणून मी केरवा, म्हणजे आठ मात्रांचा ताल, लावायला सांगतो, अगदी ठाय लयीत. समेवर एक सूर वाजवायचा आणि पाचव्या मात्रेला, खालीला, तो साफ बंद करायचा. पुढे काही नाही. ज्याचं तबल्याशी थोडं देणंघेणं आहे त्याला हे लगेच कळतं, गिटारवरून आलेल्याला वेळ लागतो, कारण त्याचं लक्ष सूर सुरू करण्याकडेच असतं. राहुलदेव बर्मन यांच्या वादकांत बेसवर टोनी वाझ असत. ती गाणी हेडफोन लावून ऐका आणि बेसचा प्रत्येक सूर कुठे थांबतो तेवढंच बघा. मोबाइलच्या स्पीकरवर नको. बेसची मोकळी ई तार 41 हर्ट्झची, तो स्पीकर तिथवर उतरत नाही. सरावही अँप किंवा हेडफोन जोडूनच करा, नाहीतर स्वतःला ऐकू यावं म्हणून माणूस तारा बडवायला लागतो.

पाठोपाठ विचारतात, पाच तारांचा घेऊ का? सध्या नको. पाचवी तार सगळ्यात जाड, वाजवायला क्वचित लागते आणि गप्प मात्र सतत ठेवावी लागते. पंजा खरंच लहान असेल तर तीस इंची शॉर्ट स्केलचा, म्हणजे आखूड तारांचा, चार तारांचा बेस दुकानात हातात घेऊन बघा.