राजे धुणं धुतात तेव्हा

दुपारचं दुकान माझ्याकडं असतं. आमचे हे जेवून आडवे होतात, गिऱ्हाईक तुरळक असतं आणि गल्ल्यासमोर टीव्ही चालू असतो. मराठवाड्यातल्या सेलूत किराणा दुकान चालवणारीनं जाहिरातींवर लिहावं का, असं कुणाला वाटेलही. पण टीव्हीवर जी पावडर दिसते तीच माझ्या मागच्या फळीवर असते. ती कोण सांगतं, कोण नेतं, कोण बदलून मागतं हे मला पाठ आहे. म्हणून अक्षयकुमारची निरमाची ती गाजलेली जाहिरात परवा मोबाईलवर परत समोर आली, तेव्हा जरा नीट बघितली.

2020 च्या जानेवारीत तिच्यावरून गहजब झाला होता. गोष्ट एवढीशी. लढाई जिंकून राजा आणि त्याचे सैनिक परत येतात. राजा अक्षयकुमार, पोशाख मराठेशाहीची आठवण देणारा. स्वागताला बायका उभ्या. त्यातली एक मळलेले कपडे बघून कुरकुरते, की हे आता आम्हालाच धुवावं लागणार. त्यावर राजा म्हणतो, शत्रूला धुणारी फौज आपले कपडेसुद्धा धुऊ शकते. मग सगळे गडी जोशात धुणं आपटायला लागतात.

मराठ्यांच्या इतिहासाची थट्टा केली म्हणून लोक चिडले. मुंबईत पोलिसांत तक्रार गेली, निरमावर बहिष्कार घाला म्हणून मेसेज फिरले. तो राग मला कळतो. ज्या वेशापुढं आपण मान झुकवतो तो पावडर विकायला वापरला की टोचणारच. पण त्या सगळ्या भांडणात ती कुरकुरणारी बाई कुणालाच दिसली नाही. चिडणाऱ्यांना राजा दिसला, बाजू घेणाऱ्यांनाही राजाच दिसला.

तिच्या वाट्याला तक्रारीचं तेवढं वाक्य आहे. ते कशासाठी, तर राजाला टाळीचं वाक्य मिळावं म्हणून. ती नुसता चेंडू टाकते, षटकार त्याचा. आणि कपडे पुरुषांच्या हातात गेल्याबरोबर धुण्याची लढाई होते, संगीत चढतं, कॅमेरा उड्या मारतो. तेच कपडे काल ती धूत होती, तेव्हा कुणी ढोल वाजवले नव्हते.

नट कोण निवडला हेही बघा. संडास आणि सॅनिटरी पॅड या विषयांवरचे सिनेमे करून अक्षयकुमारनं ‘बायकांच्या बाजूचा हिरो’ असं नाव कमावलं होतं. ती पुण्याई इथं पावडरीच्या पुडीवर चढवलीय. दुसरा एखादा नट धुवायला बसला असता तर नुसता विनोद झाला असता, हा बसला की संदेश होतो. एवढा मोठा माणूस खाली बसला, हेच तर कौतुक! म्हणजे काम हलकं आहे हे आधीच धरून चाललेलं.

ही जाहिरात मी आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली आणि म्हणाल्या, “आगं, नुसतं आपटायलेत की! कॉलर कुठं घासली? पिळलं कुनी?” याच्या वरची समीक्षा मला जमणार नाही.

त्यांना ते दिसलं, कारण त्यांचा जन्म त्यातच गेला. पावसाळ्यात शेतातून आलेल्या पँटीचा खालचा काठ काळ्या मातीनं पत्र्यासारखा कडक होतो. तो आधी भिजवावा लागतो, मग दगडावर पसरून ब्रशनं घासावा लागतो, तरी शिवणीत माती राहतेच. त्यात बोअरचं पाणी जड. पावडर ओतत राहा, फेस धरत नाही. टीव्हीवरचा बादलीभर फेस आमच्या गल्लीत कुणी बघितला नसेल. म्हणून माझ्याकडं पावडरीपेक्षा वडी जास्त खपते. ती नेमकी डागावर घासता येते, खळबळायला पाणीही कमी लागतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अशा मुलखात धुणं म्हणजे आधी पाण्याचा हिशेब असतो, आणि तो हिशेब घरातली बाई ठेवते.

हिशेबावरून ललिताजी आठवल्या. ऐंशीच्या दशकातली सर्फची जाहिरात, कल्पना जाहिरातकार अलेक पदमसींची. निळ्या काठाची साडी वगैरे माझ्या नीट लक्षात नाही, पण बाजारात भाव करणारी, समोरच्याला गप्प करणारी ती बाई पक्की लक्षात आहे. ते काम कविता चौधरींनी केलं, तेव्हा त्या काही मोठ्या स्टार नव्हत्या. पुढं दूरदर्शनवर ‘उडान’ त्यांनी लिहिली, दिग्दर्शित केली, त्यात पोलीस अधिकारीही झाल्या. 2024 मध्ये त्या गेल्या. ललिताजींच्या जाहिरातीत बाईच्या हातात पैसे होते आणि शेवटचा शब्दही तिचाच होता. गल्ल्यापलीकडं मला रोज दिसते ती अशीच बाई.

आता यातली मेख सांगते. ललिताजी उभ्या केल्या होत्या त्या निरमाला उत्तर म्हणून. करसनभाई पटेलांनी 1969 मध्ये अहमदाबादेत सुरू केलेली निरमा सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त होती आणि आमच्या आईसारख्या बायकांनी तीच उचलली होती. शहाणी बाई महागडी पावडर घेते, हे ललिताजींच्या तोंडून वदवलं कंपनीनंच. म्हणजे माझी माहेरची माणसं बिनडोक काय? तरीही मला राजाच्या जाहिरातीतल्या त्या कुरकुरणाऱ्या बाईपेक्षा ललिताजी आवडतात. निदान त्या स्वतः भांडतात.

एरियलनं 2016 मध्ये बापाची जाहिरात केली होती. ऑफिसातून येऊन एकटी राबणारी लेक बघून बाप तिला पत्र लिहितो, माफी मागतो आणि घरी जाऊन स्वतः कपडे मशीनला लावतो. त्यात नावाजलेला हिरो नव्हता, म्हणूनच तो बाप खरा वाटला. मशीन मात्र होतं, आणि त्याला न तुटणारं पाणी होतं.

2022 च्या जूनमध्ये जाहिरातींच्या स्वनियमन परिषदेनं, म्हणजे ‘आस्की’नं, नियम काढले: घर साफ करणारी बाई खुशाल दाखवा, पण ते काम तिचंच आहे असं सुचवू नका. चांगलं आहे. पण या नियमांना राजाची जाहिरात कुठं अडेल? तिथं तर पुरुषच धुतायत.

माझ्या दुकानात पावडर न्यायला पुरुषच जास्त येतात बरं का. काल एक भाऊ आले. निळी पुडी हातात घेतली, हिरवी घेतली, दोन्ही खाली ठेवल्या आणि फोन लावला. पलीकडून आवाज आला, “आवो, वडी सांगितली हुती, पावडर कशाला आनायलाव?” त्यांनी दोन वड्या घेतल्या. ब्रश पण देऊ का, मी विचारलं. “ते तिलाच माहीत,” म्हणाले आणि परत फोन लावला.