गोळी किती वाजता घ्यायची

मार्गशीर्ष अमावस्या, रात्री

आज येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात पूजा करून तिथंच जेवायचा सण. शेतात जाऊन आले. पाय भरून आलेत, तरी आधी हे लिहून काढते. पायांचा ताठरपणा कमी करणारी रात्रीची गोळी, बॅक्लोफेन, पोटात गेली की थोड्या वेळानं ओळी एकमेकींवर चढायला लागतात.

सकाळी आत्याबाई म्हणाल्या, "आज दुपारची गोळी राहू दे माय. गुंगीत बसून काय येळवस करायलीस?" त्यांचं अर्धं म्हणणं मला पटलं. राहिलेलं अर्धं पटणं शक्यच नाही. वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक काका होते. गावाकडं गेले, गोळ्या संपल्या, तिथल्या मेडिकलमध्ये मिळाल्या नाहीत. त्यांना कोपऱ्यात माणसं दिसायला लागली, पाय लाकडासारखे झाले आणि मग फिट आली. बॅक्लोफेन एकाएकी तोडली की असं होऊ शकतं. कमी करायची तर डॉक्टरांच्या हिशोबानं, पायरीपायरीनं. त्यामुळं घराबाहेर पडताना मी आधी गोळ्यांची पाकिटं बघते, मग पैसे.

तर गोळी चुकवायची नव्हती, फक्त उशिरा घ्यायची होती. काल डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, थोडी पुढं गेली तर चालेल, जेवणानंतर घ्या. एवढ्याशा परवानगीवर आजचा दिवस उभा राहिला. खरं तर मीच उभी राहिले.

हे बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड जातं. छातीच्या मणक्याला टीबी झाला, मज्जारज्जू दाबला गेला. टीबी गेला, पायांचं हे दुखणं राहिलं. पायांत ताकद थोडी आणि ताठरपणा मोठा. रात्री दोन्ही पाय कात्री लागावी तसे एकमेकांवर चढतात. सकाळी ते सोडवायला दुसऱ्याचे हात लागतात. पण वॉकर धरून उठते तेव्हा गुडघे जागेवर धरून ठेवतो तो हाच ताठरपणा. ताकदीनं मी उभी राहतच नाही.

दवाखान्यात ताठरपणा मोजतात टेबलावर निजवून. फिजिओ मॅडम गुडघा झटकन वाकवतात, किती अडतो ते बघतात आणि अ‍ॅशवर्थच्या मापात शून्य ते चारपैकी एक आकडा लिहितात. मागं बॅक्लोफेन वाढवली तेव्हा आकडा तीनवरून एकवर आला. सगळे खूश. त्याच संध्याकाळी पलंगावरून खुर्चीत जाताना गुडघे दुमडले आणि मी फरशीवर. यांनी काखेत हात घालून उचललं. निजलेल्या पायाचा आकडा छान होता, उभ्या पायाला कुणी विचारलंच नव्हतं. पुढच्या खेपेला मी ते सांगितलं आणि डोस पुन्हा सकाळ-दुपार-रात्र 10-10-10 वर आला. डॉक्टर माणूस चांगला, ऐकून घेतो. पण सांगावं आपल्यालाच लागतं.

मधे ताठरपणाचीच दुसरी गोळी, टिझानिडीन, देऊन पाहिली. टीबीच्या गोळ्या चालू होत्या तोवर नाही, कारण त्या लिव्हरवर भार टाकतात आणि ही पण टाकू शकते. कोर्स संपल्यावर रक्त तपासून सुरू केली. नेमका मे महिना. उठून बसलं की डोळ्यांपुढं अंधार, बीपी खाली, जीभ टाळूला चिकटलेली. ज्या लातूरला 2016 साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं उन्हाळ्यात तोंड कोरडं पाडणारी गोळी! तिचा एक गुण मात्र मानावा लागेल: तीन-चार तासांत उतरते, दिवसभर मानगुटीवर बसत नाही. तेव्हा डॉक्टरांनी फाईलच्या पुठ्ठ्यावर लाल पेनानं मोठ्ठं लिहून दिलं होतं, "सिप्रो नको". लघवीच्या इन्फेक्शनला इकडं सर्रास सिप्रोफ्लॉक्सासिन देतात, आणि तिच्यासोबत टिझानिडीनचं रक्तातलं प्रमाण दहापटीनं वाढू शकतं. ती गोळी बंद झाली, पुठ्ठा अजून तोच आहे.

शेतात जीप बांधापर्यंत गेली. पुढं ढेकळं. भाऊजी एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला, मधे मी आणि वॉकर. सकाळच्या गोळीचा जोर ओसरला होता, गुडघे ताठ होते. चालले! कडब्याच्या कोपीपुढं चुना लावलेल्या पाच दगडांना हात जोडायला थांबले आणि गार वारा लागला तसा उजवा पाय थडथड उडायला लागला. टाच ढेकळावर आपटतेय, थांबेचना. जाऊबाईंचं धाकटं ओरडलं, "काकूचा पाय नाचायलाय!" सगळे हसले, मीही हसले. टाच खाली टेकवून गुडघ्यावर तळहातानं जोर दिला की थांबतो, ही फिजिओ मॅडमची शिकवण. लेकीनं न सांगता तेच केलं.

भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. त्यावर गोळी. मग सतरंजीवर चिंचेखाली आडवी झाले. आत्याबाईंनी अंगावर शाल टाकली आणि जाऊबाईंना म्हणाल्या, "निजू दे, उभी राहून पूजा तर केली."

दुसऱ्या दिवशी

पाय फार ओढतायत. थंडीचं निमित्त आहेच, पण पोट साफ नाही हे खरं कारण. पोट तुंबलं, लघवीला जळजळ झाली, पाठीला कुठं घासलं, की ते आधी पायांना कळतं. अशा दिवशी डोस वाढवण्याआधी पोटाकडं बघायचं. इसबगोल घेतली.

बोटॉक्सचं ठरवायचं आहे. डॉक्टरांनी मागं सुचवलं होतं. इंजेक्शन ज्या स्नायूत देतील तेवढाच सैल होतो, डोक्यावर गुंगी चढत नाही, तीनेक महिन्यांनी असर जातो, मग पुन्हा. खर्च मोठा आहे. यांना वाटतं दोन्ही पाय पूर्ण करून घ्यावेत, एकदाच कटकट मिटेल. मला ते नको. मांड्यांच्या आतल्या बाजूला द्या. तिथं पाय जुळतात, साफसफाई करताना लेकीला त्रास होतो. गुडघ्यावरच्या स्नायूला हात लावू नका. तो सैल झाला तर मी पुन्हा फरशीवर.

मंगळवारी ओपीडी आहे. या खेपेला टेबलावर निजायच्या आधी त्यांना वॉकर धरून उठून दाखवणार आणि त्यानंतरच आकडा लिहा म्हणणार. पतसंस्थेत अर्ध्या दिवसाची रजा टाकायची आहे, ह्यांनाही सांगायचं आहे. बोटॉक्सच्या एका खेपेला किती पैसे आणि कोणत्या योजनेत बसतं का, तेही विचारायचं.